बेकारांत एकाची भर

माणूस दारातून आत आला, की तो कामाचा आहे की बिनकामाचा, हे जगदीशराव खळदकरांना त्याच्या बुटांवरून कळायचं. त्याने तोंड उघडायचीही गरज नाही! निदान जगदीशराव तरी तसं सांगायचे. आणि कुठे कुठे सांगायचे? जेवताना, फिरायला जाताना, दुसऱ्याच्या लग्नात, तिसऱ्याच्या मयतीला. चिंचवडला पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथे ते पर्सोनेल मॅनेजर होते. उभ्या हयातीत त्यांनी एकच काम केलं. टेबलापलीकडच्या घामाघूम पोराकडे चष्म्यावरून बघायचं आणि म्हणायचं, "आम्ही कळवू."

कधीच कळवत नसत.

"मी नातं बघितलं नाही, गोतं बघितलं नाही," ते म्हणायचे, "मी बघितलं फक्त मेरिट!" हे बोलताना त्यांची मान अशी ताठ व्हायची, की मेरिट नावाची वस्तू त्यांच्याच घरी पाट्यावर वाटली जाते असं ऐकणाऱ्याला वाटावं.

असा हा पुरुष रिटायर होऊन, बायकोला घेऊन, लेकीकडे इंग्लंडात रीडिंग गावाला आला आणि त्याची फार पंचाईत झाली. नापास करायला माणूसच मिळेना! पहिल्याच आठवड्यात त्यांनी पोस्टमनला नापास केलं. ऐन जानेवारीत अर्धी चड्डी घालून टपाल वाटतो म्हणजे काय! मग कौन्सिलची कचऱ्याची गाडी नापास झाली, शेजारच्यांचं कुत्रं नापास झालं, आणि जावई प्रणय तर रोजच तोंडी परीक्षेत गटांगळ्या खात होता.

मग घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. कल्याणीने, म्हणजे लेकीने, फोन करकरून एक माणूस मिळवला. तो आला तेव्हा ती वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. दार जगदीशरावांनी उघडलं. त्यांनी आधी त्याचे बूट बघितले. मग त्याला सोफ्यावर बसवलं.

"या क्षेत्रात का यावंसं वाटलं?"

"बॉयलर कुठे आहे?" तो म्हणाला.

"ते नंतर. तुमची जमेची बाजू कोणती?"

त्या माणसाने एकदा जगदीशरावांकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि म्हणाला, "साहेब, माझ्यापेक्षा लायक माणूस तुम्हाला मिळो." आणि गेला! दुसरा माणूस मिळेपर्यंत घरात सगळे कोट घालून जेवत होते. प्रणयच्या हातातला घास तोंडापर्यंत जाईस्तोवर गार व्हायचा.

"बाबा," कल्याणी मफलरमधून म्हणाली, "तुम्ही कुठेतरी व्हॉलंटियर करा ना! प्लीज! हवं तर मी पाया पडते तुमच्या."

"मी? फुकट?"

"अहो, जा हो," सिंधुबाई म्हणाल्या. "फुकट का होईना, पण बाहेर!"

सिंधुबाई म्हणजे त्यांची बायको. इतकी वर्षं जगदीशरावांबरोबर काढल्यामुळे त्यांचं बोलणं थोडं आणि धारदार झालं होतं.

नशीब असं, की त्याच आठवड्यात लायब्ररीत जगदीशरावांना व्हिटलॉक दांपत्य भेटलं. दोघंही सत्तरीचे, गुलाबी, आणि इतके हसतमुख की बघणाऱ्याचे गाल दुखावेत. छातीवर काळी पाटी. त्याच्या पाटीवर 'एल्डर व्हिटलॉक', तिच्या पाटीवर 'सिस्टर व्हिटलॉक'. जगदीशरावांना वाटलं, भाऊ-बहीण असतील, हा थोरला. मग कळलं की नवरा-बायको आहेत. अमेरिकेतले, आयडाहोचे, बटाट्याचे शेतकरी. मॉर्मन पंथाचे मिशनरी म्हणून दीड वर्षासाठी इथे आलेत, आणि दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये बेकार लोकांना नोकरी शोधायला मदत करतात. कुठल्याही धर्माचा माणूस चालतो, एक पैसा घेत नाहीत.

"तुम्हाला पगार किती?" जगदीशरावांनी विचारलं.

"पगार? छे हो! आम्हीच आमच्या खर्चाने आलोय!" एल्डर व्हिटलॉक आनंदाने म्हणाले.

जगदीशरावांनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू समोरच्याने आपणहून चिखलात बसकण मारली आहे. स्वतःचे पैसे घालून, नातवंडं सोडून, सातासमुद्रापार यायचं, आणि कशासाठी? तर कुणा परक्याला नोकरी लागावी म्हणून! आणि बटाटेवाल्यांना नोकरीतलं कळतं काय? त्यांनी आपलं कार्ड काढलं. रिटायर झाले तरी कार्ड होतंच.

"मी मुलाखती घेतो," ते म्हणाले. "आयुष्यभर घेतल्या आहेत."

सिस्टर व्हिटलॉकबाईंनी दोन्ही हात छातीशी नेले. "ही तर आमची प्रार्थना ऐकली गेली!"

बिचारी. आपण नेमकं काय मागून घेतलं, हे तिला कळायला अजून अवकाश होता.

घरी सिंधुबाईंना निराळीच काळजी. "अहो, बाटवतील बिटवतील!"

"मला?" जगदीशराव गरजले. "अगं, सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींना मी चार प्रश्न विचारले, तर दुसऱ्या वर्षी ते आलेच नाहीत! मला कोण बाटवणार?"

हे मात्र खरं होतं.

गुरुवारी ते टाय लावून चर्चमध्ये हजर झाले. चर्च म्हणजे मोठे खांब आणि रंगीत काचा असतील असं त्यांना वाटलेलं. निघाला एक स्वच्छ, विटांचा, दवाखान्यासारखा हॉल, आणि त्यात चक्क बास्केटबॉलची जाळी! नापास. चहा नाही, कॉफी नाही, कारण या पंथात दोन्ही पीत नाहीत. त्याऐवजी गरम चॉकलेट. साफ नापास. खुर्च्यांवर दहाबारा माणसं. प्रत्येकाने उभं राहून अर्ध्या मिनिटात आपण कोण आणि आपल्याला काय येतं ते सांगायचं, की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या! डेरेक नावाचा एक पंचावन्नचा गृहस्थ उभा राहिला. मोठ्या दुकानात तो पुरुषांचे सूट विकायचा. दुकान बंद झालं. तो अडखळला, थांबला, "सॉरी" म्हणून खाली बसला. तरी टाळ्या! एल्डर व्हिटलॉक तर असे वाजवत होते, की जणू डेरेकने आत्ताच शतक ठोकलं.

"यांना बिघडवून ठेवलंय," जगदीशराव पुटपुटले.

बाजूच्या छोट्या खोलीत त्यांना टेबल मिळालं, आणि सरावाच्या मुलाखती सुरू झाल्या. पहिला डेरेक.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"साठीत," डेरेक म्हणाला.

नापास!

दुसरा आला प्रज्ञेश. मराठी पोरगा, नागपूरचा, अकाउंट्सचा माणूस. बायको भावना इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, तिच्या व्हिसावर हा आलेला. भावनाला सातवा महिना लागला होता. तिची रजा सुरू व्हायच्या आत याला काहीतरी मिळायलाच हवं होतं. मराठी माणूस बघून त्याचा चेहरा खुलला. "नमस्कार काका!"

"आडनाव?" काकांनी विचारलं.

त्याने सांगितलं.

"हं. नागपूरचे म्हणजे... मूळचे कुठले?"

प्रज्ञेशने हा प्रश्न शाळेपासून ऐकलेला होता. तो कुठून सुरू होतो आणि कुठे जाऊन थांबतो, हे त्याला पाठ होतं. तो शांतपणे म्हणाला, "मूळचे माणसंच आहोत, काका. पुढचा प्रश्न विचारा."

जगदीशरावांनी घसा खाकरला. "तसं नाही रे. मी जात-पात मानत नाही. मी फक्त मेरिट बघतो."

"हो का? छान."

"आता हे बघ, तुझ्या सीव्हीत एवढी गॅप का?"

"व्हिसाची वाट बघत होतो. मग इथे आल्यावर अर्ज करत होतो."

"ही गॅप नव्हे, ही खिंड आहे खिंड! यातून सैन्य जाईल! नापास."

आठवड्यामागून आठवडे गेले. जगदीशरावांच्या खोलीतून एकही माणूस पास होऊन बाहेर आला नाही. आत जाताना जे थोडे वाकलेले असत, ते बाहेर येताना पार घडी घातल्यासारखे दिसत. सिस्टर व्हिटलॉक त्यांना गरम चॉकलेट पाजून पुन्हा सरळ करायच्या. "ब्रदर जगदीश," एल्डर व्हिटलॉक एकदा हळूच म्हणाले, "आपण त्यांना थोडं उत्तेजन..."

"उत्तेजनाने माणूस बिघडतो," ब्रदर जगदीश म्हणाले. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "मी नसतो तर या लोकांचं काय झालं असतं कोण जाणे!"

"नोकऱ्या लागल्या असत्या," सिंधुबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

आणि मग तो गुरुवार उजाडला. व्हिटलॉक दांपत्याने महिनाभर खटपट करून एक मोठी गोष्ट जमवली होती. गावाबाहेर सँडविच बनवणारी एक फॅक्टरी आहे. तिची मॅनेजर स्वतः चर्चमध्ये येणार होती. तिला आठ माणसं हवी होती, लगेच! पॅकिंगला, हिशेबाला, गाडीवर. सगळा हॉल इस्त्री करून आला होता. डेरेकने तर आपल्या बंद दुकानातला शेवटचा सूट घातला होता. तो त्या सूटमध्ये लॉर्डच दिसत होता. प्रज्ञेशने टाय लावला होता. सिस्टर व्हिटलॉकने केक केला होता.

"ब्रदर जगदीश," एल्डर व्हिटलॉक म्हणाले, "मॅनेजर यायच्या आधी, कुणाला अगदी शेवटचा सराव करायचा असेल तर तुमच्याकडे पाठवतो. फक्त जरा प्रेमाने, हं!"

जगदीशरावांनी मान डोलावली आणि खोलीत जाऊन बसले. बराच वेळ कुणी फिरकलं नाही. म्हणजे कुणी वेडं नव्हतं! शेवटी ते स्वतःच उठून दाराशी आले. पॅसेजमध्ये मागच्या दाराजवळ एक चाळिशीची बाई भिंतीला टेकून उभी होती. अंगात मळकट फ्लीसचं जाकीट, केस रबराने बांधलेले, आणि बूट? बुटांना ओला चिखल! जगदीशरावांच्या अंगात संचारलं.

"या, आत या," ते म्हणाले.

"मी जरा लवकर आले," बाई म्हणाली. "मी ट्रेसी. गाडी मागे लावली, तिथे सगळा चिखल..."

"चिखल मी बघितला. बसा."

ती होती फॅक्टरीची मॅनेजर. पण ते जगदीशरावांना कळायला आधी तिचं नीट ऐकायला हवं होतं, आणि समोरच्याचं ऐकणं हा त्यांच्या पद्धतीत बसणारा प्रकार नव्हता. ट्रेसीला वाटलं, हे चर्चचे कुणी मोठे गृहस्थ असावेत; आपली माणसं कुठल्याही मालकाच्या हाती द्यायच्या आधी ते मालकाला तपासून बघत असतील. बरोबरच आहे म्हणा! ती सावरून बसली.

"सध्या काय करता?"

"सँडविचच्या फॅक्टरीत आहे. अकरा वर्षं."

"काम काय?"

"माणसं घेते. ती सोडून जातात. मग परत माणसं घेते."

"का सोडून जातात?"

"थंडी," ट्रेसी म्हणाली. "फ्रीजमध्ये उभं राहून काम करायचं. पहाटे सुरू होतं. बोटं बधिर होतात."

"मग तुम्ही का नाही सोडलंत?"

ट्रेसी गप्प झाली. जगदीशरावांना असली शांतता फार आवडायची. हा त्यांचा नेहमीचा मासा गळाला लागल्याचा क्षण. ते पुढे झुकले.

"अकरा वर्षांत काय मिळवलंत?"

"काय मिळवलं..." ती खिडकीबाहेर बघू लागली. "एकदा ख्रिसमसला उत्तम कामाबद्दल एक मग मिळाला होता."

"मग?"

"हो, मग."

"आणि पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

ट्रेसीच्या डोळ्यांत पाणी आलं. "फ्रीजमध्ये," ती म्हणाली.

जगदीशरावांनी चष्मा काढला. खुर्चीत मागे रेलले. आयुष्यभर मुरलेला निकाल त्यांनी सावकाश, एकेक शब्द तोलून दिला.

"बाई, तुमचं मन या कामात नाही. हे मला दारातच कळलं होतं. या नोकरीला तुम्ही अजिबात लायक नाही. आम्ही कळवू."

कुणीही दुसरं असतं तर भांडलं असतं. ट्रेसी मात्र उठली, तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "हे मला कुणीतरी फार पूर्वी सांगायला हवं होतं." आणि मागच्या दाराने निघून गेली.

जगदीशराव भलतेच खूश झाले. नापास होऊन हात हातात घेणारा उमेदवार त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता!

इकडे हॉलमध्ये सगळे वाट बघत होते. केक सुकायला लागला. डेरेक सूटला सुरकुती पडू नये म्हणून उभाच होता. एल्डर व्हिटलॉक तिसऱ्यांदा रस्त्यावर जाऊन आले. शेवटी त्यांनी फोन लावला, आणि बोलता बोलता त्यांचं हसू असं मावळत गेलं, की ते बघून सिस्टर व्हिटलॉक जागच्या जागी बसल्या. त्या दोघांना न हसता आजवर कुणीच बघितलं नव्हतं.

"ती म्हणते, ती येऊन गेली," एल्डर व्हिटलॉक फोन ठेवून म्हणाले. "इथल्या एका थोर माणसाने तिचे डोळे उघडले म्हणते. तिने आत्ता, गाडीत बसल्या बसल्या, राजीनामा पाठवलाय."

तेवढ्यात छोट्या खोलीचं दार उघडून जगदीशराव प्रसन्न मुद्रेने बाहेर आले.

"पुढचा कोण?"

"काका," प्रज्ञेश म्हणाला, "आत कोण आलं होतं?"

"होती एक बाई. बुटांना चिखल. नापास केली!"

"काका, ती बाई आम्हाला नोकऱ्या द्यायला आली होती."

माणसं घ्यायची सही जिच्याकडे, तीच गेली. आता आठही जागा लटकल्या, हे एल्डर व्हिटलॉक हळू आवाजात सगळ्यांना समजावत होते. डेरेकने कोटाचं बटण सोडलं आणि खाली बसला. प्रज्ञेशने टाय काढून खिशात कोंबला. जाता जाता तो जगदीशरावांपाशी थांबला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "भावनाला सांगून आलो होतो की आज नक्की होईल."

बेकारी कमी करायला गेलेल्या माणसाने बेकारांत एकाची भर घातली होती!

त्या रात्री जगदीशराव जेवले नाहीत. सिंधुबाईंनी दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलं. मुलाखत घ्यावी तर अशी!

"म्हणजे ती पोटुशी पोर आशा लावून बसली असेल घरी," त्या म्हणाल्या.

"मला काय स्वप्न पडलं होतं, ती मॅनेजर आहे म्हणून?"

"विचारायचं की! एवढे प्रश्न विचारलेत, त्यात 'आपण कोण' हा एक बसला नाही?"

प्रणयने ताटात बघून हसू गिळलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणीतरी दुसरं नापास झालं होतं.

"मी आता तिकडे जात नाही," जगदीशराव म्हणाले.

"जायचं," सिंधुबाई म्हणाल्या. "जाऊन माफी मागायची. मी येते बरोबर. तोंड तुम्ही उघडू नका, मी उघडते." आणि उठून त्यांनी बेसन भाजायला घेतलं.

पुढच्या गुरुवारी दोघं चर्चच्या दारात उभे राहिले. सिंधुबाईंच्या हातात लाडवांचा डबा. जगदीशराव त्यांच्या मागे, चार पावलं. आतून आवाज येत होता. रडण्याचा नव्हे, टाळ्यांचा! दार ढकलून बघतात, तर पहिल्या रांगेत कोण? ट्रेसी! केस मोकळे, बूट स्वच्छ, चेहरा धुतल्यासारखा. बेकारांच्या रांगेत बसून गरम चॉकलेट पीत होती!

"तो बघा, तो माणूस!" ती ओरडली आणि धावत येऊन तिने जगदीशरावांना मिठीच मारली. सिंधुबाईंनी लाडवांचा डबा घट्ट धरला.

झालं होतं असं. राजीनामा देऊन ट्रेसी घरी गेली, आणि अकरा वर्षांत प्रथमच सकाळपर्यंत झोपली. सकाळी फॅक्टरीच्या मालकाचा फोन. मालक स्वतः फ्रीजमध्ये उभा राहून सँडविचेस भरत होता, बोटं बधिर, ऑर्डर तुंबलेल्या. "परत ये," म्हणत होता. ही म्हणाली, "मी येत नाही, पण माणसं देते. चर्चमध्ये आठजण आहेत. मी त्यांना भेटले नाही, पण ज्या बटाटेवाल्याने मला महिनाभर रोज फोन केला, तो त्यांच्यासाठी शब्द टाकतोय, तर माणसं बरी असणार." मालक म्हणाला, "मुलाखती?" ट्रेसी म्हणाली, "मुलाखतीचं नाव काढू नकोस!"

सोमवारी आठही जण कामावर! प्रज्ञेश हिशेबाला बसला होता. आणि डेरेक? डेरेक तो सूट घालून गेला, मालकाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ट्रेसीच्याच खुर्चीत बसवलं. प्रज्ञेश आणि डेरेकने आज दुपारची पाळी मागून घेतली होती, म्हणून ते खास निरोप द्यायला आज आले होते. प्रज्ञेशने सिंधुबाईंना वाकून नमस्कार केला. "काकू, भावनाने तुम्हाला घरी बोलावलंय." मग जगदीशरावांकडे वळून म्हणाला, "तुम्हालाही, काका. ती तुम्हाला काहीच विचारणार नाही, घाबरू नका."

जगदीशरावांनी माफीचं इंग्रजी वाक्य रात्रभर पाठ केलं होतं. ते त्यांनी म्हटलं. टाळ्या पडल्या. त्या हॉलमध्ये कशालाही पडत.

आता एल्डर व्हिटलॉक फळ्याकडे वळले. त्यांना राहवेना. "बघितलंत ना? जाहिरात नाही, अर्ज नाही, मुलाखत नाही! ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाकडे एक शब्द टाकला, आणि काम झालं! जगातल्या कितीतरी नोकऱ्या अशाच लागतात! याला काय म्हणतात?"

सिंधुबाईंनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. त्यांचं इंग्रजी जेमतेम होतं, पण एवढं त्यांना स्वच्छ कळलं. त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "वशिला!"

"व्हॉट?"

"वशिला! माय हजबंड ऑलसो!" त्यांनी अभिमानाने जगदीशरावांकडे बोट दाखवलं. "माय अंकल, व्हेरी बिग मॅन इन पंप फॅक्टरी. आफ्टर मॅरेज, वन फोन! जॉब! नो इंटरव्ह्यू!"

जगदीशरावांचे कान असे लाल झाले, की त्यावर बॉयलरशिवाय घर तापलं असतं.

"एकही मुलाखत दिली नाहीत?" डेरेकने विचारलं. "कधीच?"

"नेव्हर!" सिंधुबाई म्हणाल्या. नवऱ्याचं कौतुक करायची संधी त्यांना क्वचितच मिळायची, ती त्या सोडणार नव्हत्या.

"अहाहा!" एल्डर व्हिटलॉक म्हणाले. "काय शब्द म्हणालात? व-शी-ला?" आणि त्यांनी तो मोठ्या इंग्रजी अक्षरांत फळ्यावर लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. "ब्रदर प्रज्ञेश, याचा नेमका अर्थ काय?"

प्रज्ञेशने जगदीशरावांकडे बघितलं. मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आमच्याकडे काही लोक याला मेरिट म्हणतात."

"व-शी-ला!" एल्डर व्हिटलॉकनी हात वर केला. "सगळे म्हणा!"

"व-शी-ला!" रीडिंगचे बेकार एका सुरात म्हणाले.

सिस्टर व्हिटलॉकने जगदीशरावांना फळ्याखाली उभं केलं, बाजूला ट्रेसी, डेरेक, प्रज्ञेश, आणि फोटो काढला. सगळ्यांचे अंगठे वर. जगदीशरावांचाही अंगठा वर होता. तो कुणी केला, हे त्यांना सांगता आलं नसतं. सिंधुबाईंनी तो फोटो तिथल्या तिथे मागून घेतला आणि कौतुकाने पंपवाल्या रिटायर्ड मंडळींच्या ग्रुपवर टाकून दिला.

जगदीशरावांना हे बसमध्ये कळलं. त्यांना दरदरून घाम फुटला. तीस वर्षं जपलेलं नाव! त्यांनी फोन उघडला. फळ्यावरची ती अक्षरं, खाली त्या दोन रेघा, आणि त्याखाली ते स्वतः. त्याखाली जुन्या सहकाऱ्यांचे मेसेज धडाधड येत होते. स्टोअर्सच्या, अकाउंट्सच्या, अगदी गेटवरच्या माणसाचाही.

एकालाही आश्चर्य वाटलं नव्हतं. सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, "अभिनंदन साहेब! पाटी अगदी योग्य जागी लावलीत!"